टोपड्याचे माप

मित्रांनो, मला सगळे पेटी म्हणतात, पण माझ्यात कधी कुणी कपडे ठेवले नाहीत की दागिने. मी एक जुनी काचेची पेटी आहे. जी बाळे दिवस भरायच्या आधीच जगात येतात, त्यांना ऊब देणे हे माझे काम.

कारखान्यातून आले तेव्हा मी कोरी करकरीत होते. अंगाला लख्ख काच, पोटात ऊब देणारे यंत्र आणि आत हात घालता यावा म्हणून दोन्ही कुशींना गोल झडपा. "फार गुणाची आहे हो ही," असे मोठे डॉक्टर माझ्यावर हात ठेवून म्हणाले, तेव्हा मी जरा फुशारलेच. किती बाळे माझ्यात वाढली! ओंजळीएवढी यायची आणि बाळसे धरून, पाय झाडत घरी जायची. माझी आठवण कुणी ठेवत नसे. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

एका मुलीला मात्र मी विसरू शकत नाही. तिची आई कपडे शिवायची. मशीनवर बसलेली असतानाच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि सातव्या महिन्यातच मुलगी झाली. चिमटीत मावेल एवढी होती, म्हणून सिस्टरांनी तिचे नाव चिमटी ठेवले.

आई पहिल्यांदा तिला बघायला आली, तेव्हा तिच्या बाहीला अजून दोरा चिकटलेला होता. तिने थेट माझ्या झडपेकडे हात नेला.

"हात लावायचा नाही हं, ताई," सिस्टर घाईने म्हणाल्या. पुढे काही बोलणार तोच पलीकडचे बाळ निळे पडू लागले आणि त्या तिकडे धावल्या. पुढचे वाक्य राहून गेले.

आईने मग हात लावला नाही. ती रोज यायची, वाटीत काढलेले अंगावरचे दूध सिस्टरांच्या हाती द्यायची आणि हात पाठीमागे बांधून माझ्यापाशी उभी राहायची. सिस्टरांना वाटायचे, नळ्या बघून बिचारी घाबरली असेल, येईल तिची तिला हिंमत. दोघींच्याही मनात काही वाईट नव्हते. मला सगळे दिसत होते, पण मला बोलता कुठे येते? माझी घंटा वाजते ती फक्त ऊब कमीजास्त झाली तर.

एके दिवशी आईने एक टोपडे शिवून आणले. सिस्टरांनी ते चिमटीला घातले, तर ते थेट हनुवटीपर्यंत खाली आले.

"अहो ताई, हे टोपडं आहे की गोधडी?" सिस्टर हसत म्हणाल्या. "एवढे कपडे शिवता, मग माप नाही का घ्यायचं?"

"माप कसं घेणार? हात लावायचा नाही ना तिला."

सिस्टरांचे हसू मावळले. "म्हणजे तुम्ही अजून एकदाही...?"

"तुम्हीच म्हणालात ना."

"अहो, ते हात धुवायच्या आधी. धुऊन लावायचाच असतो, ताई. रोज लावायचा असतो." सिस्टर जवळच्या स्टुलावर बसल्या. "माझ्या तोंडून अर्धंच गेलं हो."

आईने कोपरापर्यंत हात धुतले, आणि धुतच राहिली. मग झडप उघडून तिने सुयांनी खरखरीत झालेली बोटे चिमटीच्या डोक्यावर ठेवली. सारखी चुळबुळ करणारी ती पोर एकदम शांत झाली. आईने अंगठा आणि मधले बोट पसरून डोक्याचे माप घेतले.

"लिहून घ्यायला कागद देऊ का?" सिस्टरांनी विचारले.

"नको. बोटांच्या लक्षात राहील."

त्यानंतर तिचा हात सतत माझ्या आत असायचा. पण चिमटीची फुप्फुसे थकत चालली होती. डॉक्टरांनी जे जे करता येईल ते केले. शेवटी त्यांनी नळ्या काढल्या आणि तिला आईच्या मांडीवर दिले. तिथपर्यंत माझी ऊब पोचत नव्हती. तिला आता ती लागतही नव्हती. चिमटी तिथेच गेली.

आईने पिशवीतून नवे टोपडे काढून तिला घातले. ते नेमके बसले.

"माप बरोबर आलं," ती सिस्टरांना म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. मला फार फार वाईट वाटले. माझ्या काचेवर आईच्या कपाळाचा ठसा होता. तो सिस्टरांनी कुणाला पुसू दिला नाही.

त्या दिवसापासून नवी आई आली की सिस्टर दुसरे काहीही सांगायच्या आधी म्हणत, "हात धुवा आणि बाळाला लावा."

मित्रांनो, आता माझ्या जागी नव्या पेट्या आल्या आहेत. माझे एक चाक मोडले आहे, आणि अडगळीच्या खोलीत माझ्यावर जुन्या चादरींचा ढीग आहे. माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाला 'नको' म्हणाल, तेव्हा ते कधीपर्यंत नको, तेही तिथल्या तिथे सांगा. ऐकणारे माणूस तुमच्या शब्दाला मान देऊन हात मागे बांधून उभे राहते, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.