मुरलेलं पाणी

कर अधिकाऱ्याने बूट काढून दाराशी ठेवले, पँट घोट्याच्या वर दुमडली आणि ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत तो पाण्याच्या मीटरपाशी जाऊन उकिडवा बसला. आकडा उतरवून घेऊन तो मागे वळला.

“आता टाका.”

वहिनींनी वजन केलेल्या चादरी यंत्रात ढकलल्या, दार लावून खटका दाबला. लाँड्रीत त्यांना सगळे वहिनीच म्हणत. सोड्याची पोती टाकणारा, हॉस्पिटलचा भांडारपाल, इस्त्रीवाल्या बायका, सगळेच. मूळ नातं मात्र एकाच माणसाचं होतं. तो, त्यांचा दीर, यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभा होता. नवरा गेल्यापासून लाँड्री वहिनींच्या नावावर होती. यंत्रं दिराकडे आणि वह्या वहिनींकडे, अशी वाटणी न बोलता झाली होती.

खेप संपेपर्यंत अधिकारी स्टुलावर बसून वह्या चाळत राहिला.

“अक्षर फार सुरेख आहे तुमचं.”

“हिशेबही तसाच आहे,” वहिनी म्हणाल्या.

यंत्र थांबलं. अधिकाऱ्याने पुन्हा मीटर पाहिला, गुडघ्यावर कागद ठेवून भागाकार केला, तो पुन्हा एकदा तपासला.

“बाई, वर्षभरात या नळातून जेवढं पाणी गेलंय, त्यात तुमच्या वहीतल्या कपड्यांच्या जवळजवळ दुप्पट कपडे धुऊन निघतात.”

“माझ्या वहीतून एक रुमाल सुटायचा नाही, साहेब.”

“असेल. पण या वह्या मला खऱ्या धरता येणार नाहीत. उत्पन्न पाण्यावरून, अंदाजाने लावावं लागेल. तुमचं काही म्हणणं असेल तर सोमवारी ऑफिसात येऊन सांगा.” बुटांची नाडी बांधता बांधता तो स्वतःशीच पुटपुटला, “कुठेतरी पाणी मुरतंय.” आपण कुठे उभं राहून काय बोललो हे लक्षात येऊन तो किंचित हसला. बाकी कोणी हसलं नाही.

दिराने ओल्या चादरी उपसायला सुरुवात केली होती.

वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचा पंखा आपल्याकडे वळवला.

“यात अवघड काय आहे, वहिनी? पाइप जुना, जमिनीखालून गेलेला. गळती! दाखला देणारा प्लंबर आहे माझ्याकडे. भाऊजी शपथेवर सांगतील की पाइप फुटला होता आणि त्यांनीच दुरुस्त केला. अंदाज निम्म्यावर येईल.”

“आणि नाही आला तर?”

“तर कर आणि वर दंड. लाँड्री कशी उभी राहील ते मला विचारू नका.”

“पण गळती खरंच होती का?”

वकिलाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. “पाणी जायला दुसरं काही कारण आहे तुमच्याकडे?”

नव्हतं. परत येताना वाटेत स्टेशनजवळचा लॉज लागला. तिथलं काम दोन वर्षांपूर्वी सुटलं होतं. मालकाला दर परवडत नाही, असं दिराने येऊन सांगितलं होतं. आता दंड भरायची वेळ आली, तर काम वाढवायला हवं होतं. मान खाली घालायची तर घालावी, असं ठरवून त्या आत गेल्या. मॅनेजरने त्यांना ओळखलं. खुर्ची दिली. वहिनींनी काम मागण्यासाठी तोंड उघडलं, त्याआधीच तो म्हणाला,

“बरं झालं आलात. परवाच्या चादरींना पिवळे डाग राहिलेत. भाऊजींना दोनदा सांगितलं. तुम्ही जरा कान पिळा त्यांचा.”

वहिनींनी पदराने मानेवरचा घाम पुसला.

“सांगते,” त्या म्हणाल्या. आणि पाणी पिऊन उठल्या.

दुपारी इस्त्रीवाल्या जेवायला गेल्या होत्या. लाँड्रीत दीर एकटाच होता.

“लॉजवरून निरोप आहे,” वहिनी म्हणाल्या. “चादरींना डाग राहतात म्हणे.”

दिराची पाठ त्यांच्याकडे होती. त्याने हात लांबवून यंत्र बंद केलं. पाणी गटारात उतरत राहिलं.

“कधीपासून?”

“दादा गेला त्या सालापासून. तुम्ही घरी गेलात की दोन-तीन खेपा.”

“मी पगार देत होते तुम्हाला. एका महिन्याचा चुकला नाही.”

“पगार.” त्याने तो शब्द चव बघावी तसा उच्चारला. “पहिलं यंत्र कशातून आलं, वहिनी? आईची जागा विकली, त्यातून. निम्मी माझी होती. दादा म्हणायचा, तुझंच आहे रे सगळं. तो गेला आणि कागद निघाले तुमच्या नावाचे.”

“बोलायचं होतं.”

“कुणाशी? तुम्ही हिशेबाच्या पक्क्या.” त्याने उजवा हात वर केला. त्यावर तीनच बोटं होती. “ही दोन पिळणीत गेली, त्या महिन्यात वहीत काय लिहिलंत, आठवतंय?”

वहिनींना आठवत होतं. डॉक्टरचं बिल, पट्ट्या, गोळ्या. काळजीने, बिलं बघून बघून लिहिलं होतं. पान डोळ्यांपुढे जसंच्या तसं उभं राहिलं. वरचं शीर्षकही. किरकोळ खर्च.

त्या बाकावर बसल्या.

“पैसे आहेत का त्यातले काही?”

“भिंतींत गेले. घर बांधायला काढलंय. छत राहिलंय अजून.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “वकिलाचा फोन आला होता. गळतीचं सांगतो मी सोमवारी. शपथ घ्यायची तर घेतो. तुम्हाला झळ लागू देणार नाही.”

“सोमवारी या,” एवढंच म्हणून वहिनी उठल्या आणि सुकलेले अभ्रे मोजायला लागल्या. मोजणी दोनदा चुकली.

सोमवारी ऑफिसातल्या टेबलाच्या एका बाजूला तिघं बसले. मध्ये वकील, त्याच्या दोन बाजूंना वहिनी आणि दीर. प्लंबरचा दाखला दिराच्या हातात होता. त्याने नवा शर्ट घातला होता. त्याच्या कॉलरची टाचणी काढायची राहून गेली होती.

“साहेब, जमिनीखालचा पाइप...” वकिलाने सुरुवात केली.

अधिकाऱ्याने त्याला हाताने थांबवलं. “बाईंना विचारतो. लाँड्री त्यांच्या नावावर आहे. गळती होती का?”

“नव्हती,” वहिनी म्हणाल्या.

वकील खोकला.

“तेवढे कपडे धुतले गेले, साहेब. त्याचे पैसेही आले.”

“मग वहीत का नाहीत?”

“भागीदाराने आपला वाटा परस्पर उचलला. त्याचं नाव मी कधी वहीत चढवलंच नव्हतं. वही चुकीची आहे.”

“भागीदार कोण?”

“हे. माझे दीर. पहिल्या यंत्रापासून आहेत. लिहून घ्या.”

अधिकाऱ्याने पेन उघडलं, पण लिहिलं नाही. “बाई, याने कर कमी होणार नाही. माझा अंदाज कायम राहील. दंडही लागेल.”

“लागू दे.”

वकील दिराच्या कानाशी वाकला. तो कुजबुजत होता, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. “डोकं ठिकाणावर ठेवा. भागीदार म्हणवलंत, तर निम्मं देणं तुमच्या गळ्यात. पगारी नोकर आहे म्हणा आणि मोकळे व्हा.”

अधिकारी आता दिराकडे पाहत होता. “तुम्हाला हे मान्य आहे?”

दिराने हातातला दाखला दुमडला, पुन्हा दुमडला. तो बोटभर होईपर्यंत दुमडत राहिला. त्याने वकिलाच्या खांद्यावरून वहिनींकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या.

“सही कुठे करायची?” त्याने विचारलं.

वकील निरोप न घेताच निघून गेला. लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून ते दोघं जिन्याने उतरू लागले.

“चारातली दोन यंत्रं विकावी लागतील,” दीर म्हणाला.

“तीन.”

तो थांबला. वहिनी दोन पायऱ्या पुढे गेल्या, कठडा धरून उभ्या राहिल्या आणि मागे न बघता म्हणाल्या,

“कुठलं ठेवायचं, ते तुम्ही ठरवा.”