कोकोचा चमचा

१९६७ साल होतं ते. त्या वर्षी दूरध्वनी केंद्र नव्या इमारतीत गेलं, आणि त्याच वर्षी त्या घरात धाकटी सून आली. ती त्या केंद्रात ऑपरेटर होती. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी ऑपरेटरला नंबर सांगावा लागे आणि मग तासन्‌तास वाट बघावी लागे. लोक वैतागून शिव्या घालत. पण हिचा आवाज आला की शिव्या घालणाराही "बरं, बरं, थांबतो" म्हणत असे, असा त्या आवाजाचा लौकिक होता. घरातल्या धाकट्या मुलाने तिला बघण्याआधी चार महिने नुसतं ऐकलं होतं. परगावच्या गोडाऊनला फोन लावायच्या निमित्ताने तो रोज तिच्याशी बोले, आणि गोडाऊनवाले म्हणत, "अहो, इतकी कसली चौकशी? पोती आहेत तिथंच आहेत!"

घरात सासूबाईंचं राज्य होतं. केक करण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. बाकीच्या बायका चहाच्या कपाने मैदा मोजायच्या तेव्हा सासूबाई पितळी तराजूत कोको तोलायच्या. कोको बिनसाखरेचाच हवा, हा त्यांचा हट्ट. डब्यावर गोड असं लिहिलेली पावडर कुणी आणली तर, "ही आजारी माणसाला दुधात घालून द्या," म्हणून परत पाठवत. कोको आधी उकळत्या पाण्यात कालवून घ्यायचा म्हणजे त्याचा वास खुलतो. केकच्या भांड्याला लोणी लावून वर मैदा भुरभुरवायचा नाही, कोकोच भुरभुरवायचा, म्हणजे केकच्या अंगावर पांढरे डाग पडत नाहीत. हे सगळं थोरली सून त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं उभी राहून शिकली होती.

त्या घराची एक गंमत होती. गंमत हा सासूबाईंचा शब्द. नवी सून आली की पहिल्या रविवारी तिला स्वयंपाकघरात बोलवायचं. ओट्यावर दोन वाट्या ठेवायच्या. एकीत कोको आणि पिठीसाखर निम्मी-निम्मी, दुसरीत नुसता कोको. सासूबाई पहिल्या वाटीतला चमचा स्वतः खाऊन दाखवत, डोळे मिटून "अहाहा" म्हणत, आणि दुसऱ्या वाटीतला भरगच्च चमचा सुनेच्या तोंडात कोंबत. कडूजहर, कोरडी पावडर टाळूला चिकटायची. सून थुंकायची, खोकायची, कपडे तपकिरी व्हायचे आणि घर हसून हसून लोळायचं.

थोरलीने तो चमचा नऊ वर्षांपूर्वी खाल्ला होता. लग्नातल्या पांढऱ्या कपड्यांवर तिने तो सगळा उडवला. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं कोकोबाई. सासूबाई त्याच नावाने हाक मारत. दीर मारी. पाहुण्यांसमोर एकदा नवऱ्यानेही मारली, आणि मग तेच चालू झालं. तिने एकदा रडून सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं काय? हे नाव काय जन्माचं आहे का? पुढची सून आली की तिला देऊन टाक."

म्हणून थोरली धाकट्या दिराच्या लग्नाची वाट बघत होती. लोक देवाकडे मुलगा मागतात, पैसा मागतात. ही जाऊ मागत होती.

तो रविवार उजाडला. चारला धाकट्याचे साहेब चहाला येणार होते. त्याची बढती त्यांच्या हातात होती, म्हणून कोकोचा केक ठरला होता. थोरलीने दुपारी मैदा आणि सोडा, मग वेगळा कोको, सगळं तीनदा चाळलं, लोणी आणि साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसली. नवी बाजूला उभी राहून भांडी पुसत होती.

"ताई, तीनदा कशाला चाळायचं?"

"गुठळी राहिली की खाणाऱ्याच्या दाताखाली कडू येतं."

"बाई गं! आणि मी तर अंडं फोडलं की कवच आतच पाडते." नवी हसली. हसणंसुद्धा असं की ऐकत राहावं. मग हात पुसत म्हणाली, "ताई, आमच्या केंद्रात चाळीस मुली आहेत. चहाबरोबर रोज तेच वाळके पाव. मी आमच्या बाईंशी बोलू? तुमचे केक घेतील त्या. तुमच्या नावाने जातील, बरं का."

तुमच्या नावाने. थोरलीचा फेसणारा हात थांबला. नऊ वर्षांत या घरात तिला कुणी नाव विचारलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि नवीला दिवाणखान्यातल्या फुलदाण्यांकडे पिटाळलं. केक ओव्हनमध्ये गेला. सासूबाई थोरलीच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वाट्या तू भर. आणि आज चमचा तूच द्यायचा. मान तुझा."

थोरलीने दोन वाट्या काढल्या. एकीत साखर मिसळली. दुसरीत कोको घातला आणि साखरेच्या डब्याचं झाकण उघडं ठेवून ती उभी राहिली. दोन चमचे साखर टाकली असती तर काम झालं असतं. सासूबाईंना कळलंही नसतं, "हिला कडू लागलंच नाही," एवढंच म्हणाल्या असत्या. पण मग कोकोबाई कोण राहिली असती? तिने साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. आणि चमचा भरताना, आपल्या वेळी भरला होता त्याहून वर शीग काढली.

केक ओव्हनमध्ये जाऊन दहा मिनिटं झाली होती. स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं, खिडकी बंद होती. केक फुगत असताना वारा लागता कामा नये, हा सासूबाईंचा नियम. धाकटा गंमत बघायला आधीच कोपऱ्यात उभा होता.

"आमच्याकडे नव्या माणसाचं तोंड गोड करतात," सासूबाई म्हणाल्या आणि पहिल्या वाटीतला चमचा खाऊन त्यांनी डोळे मिटले. "आता हिला दे गं."

नवीने थोरलीकडे बघितलं आणि विश्वासाने तोंड उघडलं. थोरलीने चमचा आत रिकामा केला. नेमक्या त्याच क्षणी धाकट्याने मुठीचा फोन करून कानाला लावला आणि घोगऱ्या आवाजात ओरडला, "हॅलो, हॅलो, ऑपरेटर! पोती आहेत का जागेवर?"

नवीला हसू फुटलं. हसायला तिने श्वास आत ओढला आणि तोंडातली सगळी पावडर श्वासाबरोबर खाली गेली.

आधी सगळे हसले. ती खोकायला लागली तेव्हाही हसले. सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. मग खोकला थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. तिची छाती हलत होती, पण आवाज येत नव्हता. ओठांच्या कडा निळसर झाल्या. सासूबाईंनी पाणी पाजलं, ते नाकातून तपकिरी होऊन बाहेर आलं.

"आई, डॉक्टरांना आणतो," म्हणत धाकटा दाराकडे धावला.

"दार उघडू नकोस!" सासूबाई कडाडल्या. "केक बसेल. साहेब चारला येणार आहेत, त्यांच्यापुढे काय बसका पाव ठेवायचा? नाटकी आहे मुलगी. सगळ्यांना ठसका लागतो, हिला लागला म्हणून काय आभाळ कोसळलं? कोकोबाईला विचार. हिलाही लागला होता."

धाकट्याचा हात कडीवर होता. त्याने तो खाली घेतला.

नवी जमिनीवर बसली होती. मध्येच शीळ वाजावी तसा थोडा श्वास आत जायचा, मग पुन्हा नाही. थोरली तिच्या पाठीवर हात फिरवत होती, आणि नवीने तिचा दुसरा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. तसं बसल्यावर ओव्हनची काच थोरलीच्या बरोबर नजरेसमोर येत होती. आतला केक वर चढत होता. मधोमध एक बारीक भेग पडली, ती हळूहळू रुंदावली. थोरलीने एवढा सुरेख फुगलेला केक कधी केला नव्हता. तिच्या मनात आलं, अजून पंधरा मिनिटं. मग, दहा.

शेवटी सासूबाईंनी केकमध्ये सळई खुपसली. ती कोरडी निघाली. तेव्हा त्यांनी दार उघडलं.

डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली आणि मान वर करून विचारलं, "किती वेळ झाला?"

"आत्ताच," सासूबाई म्हणाल्या.

धाकट्याने आईकडे बघितलं. थोरलीने जमिनीकडे.

साहेब चारला आले. धाकटा रुग्णालयात होता; कामासाठी बाहेर गेलाय, असं त्यांना सांगितलं. सूनबाई माहेरी. त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा कागदात बांधून नेला, आणि असा केक आपल्या आईनंतर कुणाच्या हातचा खाल्ला नाही, असं म्हणाले.

नवी पाच आठवडे रुग्णालयात होती. दोन्ही फुप्फुसं सुजली, ताप मेंदूत जातो की काय अशी वेळ आली, पण जगली. आवाज मात्र गेला. म्हणजे बोलता येत होतं, पण कोरड्या पानांवरून झाडू फिरावा तसं. केंद्रातल्या बाईंनी तिला बोलावून पाच गावांची नावं म्हणायला लावली. तिसऱ्या नावाला तिला खोकल्याची उबळ आली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "पाचही म्हणायची गरज नाही, बाळ."

रुग्णालयातल्या शेवटच्या दिवसांत थोरली डबा घेऊन गेली होती. नवीने तिला खाटेवर जवळ बसवलं.

"ताई, तुम्हालाही फसवलं ना त्यांनी? वाटी त्यांनीच बदलून ठेवली असणार. मी सारखी विचार करते, तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही मला कधी दिलं नसतं."

थोरलीने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"हो," ती म्हणाली. "मला कुठे माहीत होतं."

कोकोबाई हे नाव त्यानंतर घरात कुणी घेतलं नाही. ते नवीला मिळालं नाही आणि थोरलीचंही राहिलं नाही.

धाकट्याला त्याच वर्षी बढती मिळाली. दोन वर्षांनी त्याने बदली मागून घेतली आणि रुग्णालयातून सरळ माहेरी गेलेल्या नवीला न्यायला विसरला. पुढे दुसरं लग्न केलं, त्याला तीन मुलगे झाले, आणि फोनवर बोलताना तो नेहमी फार मोठ्याने ओरडे, असं त्याची मुलं सांगतात.

सासूबाई ऐंशी वर्षं जगल्या. शेवटची चार वर्षं अंथरुणावर होत्या आणि थोरलीने त्यांचं सगळं केलं. त्या दिवसाची आठवण त्या स्वतःहून काढत, पण त्यांच्या सांगण्यात ते नेहमी केकबद्दलच असे. "काय फुगला होता!"

नवीला केंद्राने नोकरीवर ठेवलं, पण तळघरातल्या कागदपत्रांच्या खोलीत, जिथे दिवसभर बोलावं लागत नाही. तिथे तिने एकोणतीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांनी छातीच्या आजाराने गेली. दरवर्षी ती थोरलीला एक पत्र पाठवी. त्यात हवापाणी, तब्येत, आणि शेवटी नेहमी एक ओळ असे: त्या घरात माझं असं एकच माणूस होतं, ते तुम्ही.

थोरलीने पुढे केकचे वर्ग काढले. शेकडो मुली तिच्याकडून शिकून गेल्या. कोको तीनदा चाळायचा, असं ती अजून सांगते. पत्रं तिने जपून ठेवली आहेत, एकतीस आहेत. उत्तर प्रत्येकाला पाठवलं होतं, आणि दर वेळी खाली लिहिलं होतं, तुझी ताई.