पालथी भाकरी

"ए! हात काढ तिथनं! माझी सासू लई खवट होती, पण तिनं बी माझी भाकरी कधी उलटून बघितली नाय. तू कोण रं?"

कडूबाईनं उलथनंच उगारलं. समोर लाल गालांचा, दांडगा फौजी उभा. उझबेकिस्तानचा. आपल्या फौजेसंगं सरावाला आलेली ही माणसं दोन बसा भरून वेरूळची लेणी बघायला आलती. हा गडी वासावर कडूबाईच्या भाकरीच्या गाड्यावर चुलीपाशी आला अन् काय बोलणं नाय, चालणं नाय, दुरडीतल्या भाकऱ्या एकेक करून उलटायला लागला.

आता भाकरी उलटून बघायची म्हणजे खालून करपली का ते बघायचं. हे तर सोयरीक करायला आलेले पाव्हणे बी करत नाहीत! तीस वर्षं चुलीपुढं डोळे जाळून कडूबाईनं हाताचं नाव कमावलेलं. अन् शेजारच्या गाड्यावर मालनबाई पेरू कापायचा सोडून बघत बसलेली.

"करपली असंल गं एखादी," मालनबाई गोड आवाजात म्हणली.

"तुझी जीभ करपली!" कडूबाई तडकली. "त्यांचा देशच तसला. बायामाणसाच्या हाताची किंमत नाय."

पाच मिंटांत ही खबर रिक्षा स्टँडवर. तिथं एकानं ठरवून बी टाकलं, की उझबेकिस्तानात सगळे सासुरवास करतात.

फौजी हात जोडून कायतरी सांगत होता. शेवटी त्यांच्यासंगं आलेला आपला जवान आकाश पळत आला. त्यानं दोन शब्द इंग्रजी, चार शब्द हातवारे असं करून विचारलं अन् हसला.

"मावशी, तो करपलेलं बघत नाय. त्यांच्यात रोटी पालथी ठेवली तर पाप लागतं. अन्नाचं तोंड वर पायजे म्हणतो."

कडूबाईनं दुरडीत बघितलं. गड्यानं एकूण एक भाकरी पापुद्रा वर करून मांडलेली, चळत कशी सरळ.

"मग धूळ कुठं बसंल? पापुद्र्यावरच ना! म्हणून पालथ्या ठेवते. सांग त्याला."

आकाशनं सांगितलं. गड्यानं डोक्यावरची टोपी काढली अन् दुरडीवर छत्रीवानी धरून रस्त्याकडं पाठ करून उभा राहिला. हालंचना. बसा जातायत, धूळ उडतीय, सगळी याच्या पाठीवर.

"बघ गं मालन," कडूबाई म्हणली, "वळण हाय देशाला. आयांनी शिकवलेली पोरं हायत."

"आत्ता तर म्हणत व्हतीस..."

"आत्ता मला काय म्हाईत होतं!"

तव्यावरची गरम भाकरी, वर मिरचीचा ठेचा, तिनं त्याच्या हातात ठेवली. "खा. अन् कशी झाली ते मोठ्यानं सांग, पेरूवालीला ऐकू गेलं पायजे."

गड्यानं सगळा ठेचा एकाच घासात घेतला. कान लाल, डोळ्याला धार. तरी खाली चुरा पडू दिला नाय. भाकरी संपवली अन् दुसरी स्वतःच उचलली, पापुद्रा वर, दोन्ही तळव्यांवर, देवाचा प्रसाद धरल्यावानी. मालनबाईनं परत पेरू कापायला घेतला.

बसनं हॉर्न दिला. गडी छातीला हात लावून कायतरी लांबलचक बोलला.

"काय म्हणला? कशी झाली म्हणला? आकाश, सांग की!"

"मावशी, म्हणतोय, बस सुटतीय. आता जावं लागंल."