कुरणाखालची वाळू

सात जून. कुरणात आखलेल्या दहा चौकटींत आतडेफाड गवताचे चौऱ्याण्णव फुटवे मोजले. गेल्या जूनमध्ये तीनशे बारा होते. हात कापणारे हे गवत मुळे ओली असल्याशिवाय जगत नाही. त्याच्या जागी कोरड्या उतारावरचे टर्कीपाय गवत शिरले होते. भूजलाची पातळी बघायला पुरलेल्या मोजनळीत पाणी जमिनीखाली अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. गेल्या जूनमध्ये एकोणीस.

"पाऊस कमी पडला का गं?" ऑर्फामावशीने विचारले. आयोवातले हे नऊ एकर कुरण तिचे; मी दर जूनला इथले गवत मोजायला येते. या जमिनीला कधी नांगर लागलेला नाही.

"पाऊस तेवढाच आहे, मावशी." मी गिरमिटाने माती उपसून दाखवली. वर काळी माती, मग वीतभर वाळू, खाली निळी चिकणमाती. टेकडीचे पाणी त्या वाळूतून कुरणात झिरपते. कुंपणापलीकडे तिचा भाऊ व्हर्लिन याने ऑक्टोबरात मक्यासाठी निचऱ्याचा पाइप पुरला होता. नेमका त्या वाळूत, म्हणून पाणी इकडे येण्याआधीच वाहून जात होते.

तिने फावडे उचलले.

"आधी बोलून तर बघू!"

"नाताळात बोलले. म्हणाला, डुकरं सोड तिथे."

तासाभरात ती कुंपणापलीकडे खणलेल्या खड्ड्यात कंबरेएवढी उतरली होती. पाइप फोडून तिने त्यात निळी चिकणमाती ठासली. तेवढ्यात व्हर्लिनची गाडी आली.

"ए ऑर्फे! माझ्या रानात?"

"पाणी माझं आहे."

"गवताला पाणी? गवत विकून खाणार आहेस?"

"तुझा मका तरी तू कुठे खातोस? डुकरंच खातात!"

त्याने केस धरून तिला वर ओढले आणि तोंडावर गाडीतून आणलेला लोखंडी गज हाणला. गालाचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याचा दंड धरला, तर त्याने मला तारेवर फेकले. मग तो खड्ड्यात उतरला, गुडघे टेकले आणि डाव्या हाताने पाइपातली माती उपसू लागला.

"हात काढ, व्हर्लिन," ती काठावरून फावडे उचलून म्हणाली. तोंडातून रक्त आणि एक दात पडला.

"चल हट, म्हातारे."

फावडे एकदाच खाली आले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पाइपाशी राहिले. तो किंचाळत मागे कोसळला. मी पट्ट्याने त्याचे मनगट आवळत होते, तेव्हा ती खड्ड्यात उतरून पाइपात पुन्हा माती ठासत होती, मुठीमागून मूठ.

सतरा जून. मोजनळीत पाणी जमिनीखाली एकतीस सेंटीमीटर.