जुनिपरचे कान

माझे गुडघे गेल्यावर मी माझा घोडा, जुनिपर, मार्लिसच्या हवाली केला आणि नेवाडातल्या या खिंडीत कॅमेरा घेऊन बसू लागले. शंभर मैलांच्या शर्यतीतले सगळे घोडे इथूनच जातात. मी शीळ घालते, घोडा कान टवकारतो, फोटो झकास येतो.

जुनिपर दिसला की मात्र मी खडकाआड गप्प बसते.

संध्याकाळी तळावर मार्लिस करवादली, "लोरेटा, दरवर्षी माझ्याच घोड्याचे कान पडलेले कसे गं?"

"दमला असेल. आणि फुकटच्या फोटोत खोट काढू नकोस."

तिला काय सांगू? तीच शीळ ऐकून तो कुरणातून माझ्याकडे धावत यायचा. आजही वाट सोडून येईल. मग त्याला परत पाठवणं मला जमायचं नाही.