बाहीचं माप

०

आरसा ताईच्या हातून सुटला. पुढचं सगळं त्यातून आलं.

ताई शिंपीण, धाकटा न्हावी. दुकानं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. गिऱ्हाइकं म्हणायची, या भावंडांकडे आलं की माणूस वरूनही कापला जातो आणि खालूनही. त्या दिवशी तिच्याकडचा माणूसभर उंच आरसा त्याच्या दुकानात न्यायचा होता. वरचं टोक तिच्या हातात, खालचं त्याच्या. त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर मागून कुणीतरी विचारलं, "पँट झाली का हो?" तिनं मान वळवली आणि मानेबरोबर बोटंही ढिली पडली. काच त्याच्या उजव्या दंडात, आतल्या बाजूनं शिरली.

हाताच्या डॉक्टरबाईंनी तुटलेला मज्जातंतू भिंगाखाली जोडला. त्या त्याला साधं नस म्हणत.

"जोडली, म्हणजे झालं का?" धाकट्यानं विचारलं.

"जोडून नुसती वाट मोकळी झाली. तुटल्या जागेच्या खालचे धागे आता मरतील, त्यांचं वेष्टण तेवढं राहील, रिकाम्या नळीसारखं. वरच्या टोकाला नवे धागे फुटतील आणि त्या नळीतून खाली सरकतील. दिवसाला साधारण एक मिलिमीटर."

"नाडा ओवल्यासारखं," ताई म्हणाली.

"तसंच. फक्त इथं पिन ढकलायला कुणी नाही."

ही नस दंडातून कोपराच्या मागे जाते. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच जागा. तिथून मनगट, मग करंगळी आणि अर्धी अनामिका. बोटांना जवळ-लांब करणारे बारीक स्नायू हिच्याच हुकमावर चालतात. न्हाव्याची कातरी अंगठा आणि अनामिकेत असते, करंगळी कडीखालच्या वळलेल्या आकड्यावर टेकते. शरीरात एवढ्या नसा असताना काचेनं नेमकी हीच निवडली.

"आणि मुदत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हुकूम आला नाही की स्नायू सुकतो. वर्ष, फार तर सव्वा वर्ष. म्हणून सहा महिन्यांनी बघू. धागा नीट येत असेल तर थांबू. अडकला असेल तर मनगटाजवळची दुसऱ्या नसेची एक जादा फांदी घेऊन हाताच्या नसेला जोडायची. पण ते वेळेतच करावं लागतं."

धागा कुठवर आला हे कळायचं कसं? त्यांनी व्रणाखाली बोटानं टकटक केली. नव्या धाग्याचं टोक उघडं असतं. त्यावर टिचकी बसली की करंगळीत मुंग्या येतात. मेंदू बिचारा जुन्या पत्त्यावरच विश्वास ठेवतो. त्याला वाटतं, हाक करंगळीतूनच आली.

३१

दर रविवारी, दुकानं बंद असताना, धाकटा तिच्या कापायच्या टेबलावर हात पसरून बसायचा. ती टेप लावायची, टकटक करायची.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"हां. आल्या."

मग पेनानं ठिपका, आणि मापाच्या वहीत नोंद. वहीत त्याच्यासाठी एक पान काढलं होतं आणि गिऱ्हाइकाचं काढतात तसं वर लिहिलं होतं: बाही.

"फुल की हाफ?" त्यानं विचारलं होतं.

"गप बस. फुल."

पहिला महिना काहीच नाही. मग पाच. नऊ. सहा. अकरा. एकूण एकतीस मिलिमीटर. त्या दिवशी ताईनं आरसा पडला होता त्या उंबऱ्यावरून पहिल्यांदाच खाली न बघता पाऊल टाकलं.

११८

कोपर. झिणझिण्यांची जागा.

त्या रविवारी तिनं हिशेब मांडला: आठवड्याला सात. तिला राहवेना. तिनं शिंप्याचा पांढरा खडू घेतला आणि कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत सात-सात मिलिमीटरवर खुणा केल्या. कापड कापण्याआधी खुणा करायच्या, ही तिची तीस वर्षांची सवय.

"आंघोळीला जातील," तो म्हणाला.

"जाऊ देत. दर रविवारी पुढची करीन."

आणि ती करत राहिली. आधी खूण, मग टकटक.

१५३

सहा महिने झाले. डॉक्टरबाईंनी वही पाहिली, हसल्या. "माझ्या कागदांपेक्षा नीट आहे." त्यांनी स्वतः टकटक केली. धाकट्यानं शेजारी उभ्या ताईकडे पाहिलं.

"हां. इथं."

"कोपर ओलांडलंय म्हणजे. मग नको दुसरी शस्त्रक्रिया. थांबू."

परतताना ताईनं त्याच्यासाठी नवी कातरी घेतली. तो डबी डाव्या हातात धरून चालला, सबंध रस्ताभर एक शब्द न बोलता. तिला वाटलं, आनंदानं बोलती बंद झाली.

७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७ ७

३६३

पुढच्या गल्लीतले निवृत्त मास्तर कोट शिवायला आले होते. त्यांचा डावा खांदा पाऊण इंच उतरलेला.

"चाळीस वर्षं पिशवी त्याच बाजूला," मास्तर ओशाळून म्हणाले.

"असू द्या हो. सरळ माणूस अजून माझ्या टेपखाली आलेला नाही. एक बाही मोठी, एक लहान, असंच असतं. अंग काही पट्टीनं आखलेलं नसतं."

असं ती सगळ्यांनाच म्हणे. म्हणता म्हणता तिनं लिहायला पान उलटलं, तर बाहीचं पान समोर आलं.

पाच, नऊ, सहा, अकरा. वेडेवाकडे आकडे. मग कोपर. आणि कोपराखाली सात, सात, सात, पस्तीस वेळा. एकदाही सहा नाही. एकदाही आठ नाही.

मास्तर दोन्ही हात पसरून उभेच होते. "बाई, मी हात खाली घेऊ का?"

ती वही घेऊन भिंतीपलीकडे गेली. धाकटा रिकाम्या खुर्चीवर बसला होता. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधलं त्याचं मांस खोल बसलं होतं. ती खाच रोज दिसायची, आणि ताई रोज तिच्यावरून नजर काढून घ्यायची.

"डोळे मीट," ती म्हणाली.

त्यानं वहीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"कधीपासून?"

"कोपरापासून."

"आठ महिने?"

"तू खडू लावून ठेवायचीस, ताई. बोट खुणेवर आलं की तुझा श्वास अडकायचा. मी काय म्हणायला हवं होतं?"

"नाही म्हणायचं. दोन अक्षरं."

"पहिल्यांदा वाटलं, एक रविवार. पुढच्या रविवारी खरंच येतील, मग फिटलं. तेव्हाही नाही आल्या. मग खोटं एवढं पुढे गेलं की खऱ्याला गाठता येईना."

"डॉक्टरांना तरी सांगायचं होतंस."

"तू शेजारी उभी होतीस."

भिंतीवर त्या आरशाच्या जागी आता छोटा आरसा होता. त्यात दोघांचे खांदे दिसत होते, डोकी नव्हती.

"आरसा तुझ्यामुळं पडला, हे तुझ्या मनातून जावं एवढंच होतं," तो म्हणाला. "थोडं गेलंही होतं. गाणं गुणगुणायला लागली होतीस, कापताना."

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी सुई टोचून स्नायूंची तपासणी केली. पडद्यावरची रेघ सरळच राहिली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नस कोपराच्या अरुंद वाटेत जुन्या व्रणात गुंतून बसली होती. सोडवता येईल, म्हणाल्या, करंगळीला थोडी जाणही येईल कदाचित, भाजलं-कापलं कळण्यापुरती. पण स्नायू सुकले होते. ती फांदी जोडायची वेळ सहाव्या महिन्यात होती.

"वहीवर माझाही विश्वास बसला," एवढंच म्हणाल्या.

रविवारी धाकट्यानं टेबलावर हात पसरला. तिनं बोलावलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले.

या खेपेला ती उलटी निघाली. करंगळीच्या टोकाशी टकटक. तो गप्प. तळहाताची कड. गप्प. मनगट. हाताच्या पुढच्या भागावर, जिथं जिथं तिच्या खडूच्या खुणा असायच्या, तिथं तिथं ती थांबली आणि प्रत्येक ठिकाणी त्याला गप्प राहायला वेळ दिला. घड्याळात अर्धा तास गेला. कोपराच्या मागे, हाडाच्या खोबणीशी, तो म्हणाला,

"इथं."

"नक्की?"

"हो ताई. इथंच."

तिनं टेप लावली. एकशे एकवीस. आठ महिन्यांत तीन मिलिमीटर. टेप धरण्यातली चूकही तेवढी असते. सातांच्या रांगेखाली तिनं तो आकडा लिहिला. मग सवयीनं हात खडूकडे गेला, पुढच्या रविवारची खूण करायला. खडू बोटांत आला, तसाच तिनं तो खणात टाकला आणि त्याची बाही खाली ओढून मनगटाशी बटण लावून दिलं. उजव्या हाताचं बटण त्याला डाव्या हातानं अजून जमत नव्हतं.