पाठमोरा हंगाम

गवारीची शेंग मोडताना होणारा बारीक ‘कट्’ असा आवाज, आणि त्याच्या मागं हजारो माणसांनी एकदम रोखून धरलेला श्वास. वसुधाकाकूंचं चित्र मनात उमटतं ते या दोन आवाजांच्या सांध्यावर. पहिला आवाज त्यांच्या मांडीवरच्या परातीतला, दुसरा त्यांच्या पाठीमागच्या टीव्हीतला. आणि या दोहोंच्या मधे, दोन्हींकडे सारखंच लक्ष असल्यासारख्या किंवा दोन्हींकडे मुळीच नसल्यासारख्या, ताठ पाठीच्या, बारीक चणीच्या काकू. रविवारी अमेरिकन फुटबॉलची मॅच लागली की त्या टीव्हीकडे पाठ करून बसत. रुसून नव्हे, खेळाच्या तिटकाऱ्यानंही नव्हे. त्यांना तसं बसवलेलं होतं.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मॉरिसव्हिलमधल्या आमच्या वसाहतीत सगळ्यांच्या घरी असते तशीच त्यांची बैठकीची खोली लांबट आहे. एका टोकाला टीव्ही, दुसऱ्या टोकाला मागच्या लाकडी डेकवर उघडणारं काचेचं सरकतं दार, आणि बाजूच्या भिंतीला धरून लांबलचक सोफा. सोफ्याचं टीव्हीलगतचं टोक दिगंबरकाकांचं, म्हणजे काकूंच्या यजमानांचं. तिथं त्यांचा उभा दिवा आणि त्यांच्या बैठकीनं वर्षानुवर्षं पाडलेला खळगा. काकूंची खुर्ची दुसऱ्या टोकाला, तोंड काचेच्या दाराकडे.

त्याची हकिगत काका हौसेनं सांगत. या देशात आल्यावर त्यांना पहिली नोकरी उत्तरेतल्या एका गारठलेल्या शहरात मिळाली. त्या शहरानं त्यांना दोन गोष्टी दिल्या, सांधेदुखी आणि फुटबॉलचा संघ. दक्षिणेत राहायला आल्यावरही दोन्हींनी त्यांना सोडलं नाही. संघाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी तो सोसला त्यांना सांगायची गरज नाही, आणि इतरांना सांगून उपयोग नाही. तो हरत असे, एवढं पुरे. अशाच एका हरत्या रविवारी वाटाणे सोलायला उजेड कमी पडतो म्हणून काकूंनी खुर्ची दाराकडे वळवली, आणि संघ जिंकला. “वसू, हलू नकोस. तशीच बस,” काका म्हणाले. काकू तशाच बसल्या, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं दर रविवारी बसत राहिल्या. संघ त्यानंतरही हरतच राहिला, पण काकांचं म्हणणं असं की काकू समोर बसल्या असत्या तर याहून वाईट हरला असता. काका पंपांचं डिझाइन करणारे इंजिनियर होते. त्यांच्या या युक्तिवादाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

मला स्वतःला या खेळाचं फारसं कौतुक नाही. मैदानाएवढा झेंडा पसरतात, डोक्यावरून लढाऊ विमानं नेतात, नाणं उडवायला चार पोक्त माणसं मधोमध अशी चालत येतात की तहावर सह्याच व्हायच्या आहेत. मग काही क्षण सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि त्यावर पुन्हा चर्चा. सत्यनारायणात प्रसादाचं जे प्रमाण, तेच या तीन-साडेतीन तासांत खेळाचं. विद्यार्थीदशेत मी काकांकडे जेवायला म्हणून यायचो आणि पूजाही ऐकायचो. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, त्यांच्याच गल्लीत घर घेतलं, तरी रविवार सुटला नाही. मी तिथं खेळापेक्षा काकूंना अधिक पाहिलं.

काकूंना हा खेळ कानांनी येत होता. काकांनी घसा खाकरला की चेंडू आपल्या संघाकडे आला. सपाता जमिनीवर घासल्या की थोडी प्रगती आहे. “अरे, पकड ना लेका” हे वाक्य हवेतच राहिलं की त्यानं पकडला नाही. आणि काका काहीच बोलेनासे झाले की काकू परात खाली ठेवून, तळहाताला चिकटलेली देठं झटकून, कुणाला न विचारता चहाचं आधण ठेवायला उठत. पराभवाची वार्ता आमच्यापर्यंत पोचायची ती बहुधा आल्याच्या वासातून.

डोळ्यांना मात्र त्या दारापलीकडचे ऋतू दिसत. इथल्या टीव्हीवाल्यांचा न्याय सरळ आहे: जिंकणाऱ्या संघांना संध्याकाळ, हरणाऱ्यांना भर दुपार. त्यामुळे काकूंच्या वाट्याला सदैव लख्ख उजेडातलीच बाग आली. सप्टेंबरातलं जड, हिरवं, पिकल्यासारखं ऊन; मग मेपलच्या एकाच फांदीवर आधी पेटणारी लाली, जणू बाकीच्या झाडाला अजून निरोप पोचायचा आहे; मग पानगळीनंतरची ती निर्विकार, हिशेबी पारदर्शकता, जिच्यात दाण्यांच्या डब्यावर उतरलेला लाल पक्षी उगाचच जास्त लाल दिसतो. पाठीमागं संघाचा हंगाम बुडत जाई आणि पुढ्यात वर्षाचा. दोन्हींची त्यांना सवय होती.

गेल्या वर्षीच्या वसंतात, डेकसमोरचं डॉगवूड पांढऱ्या फुलांनी डवरलेलं असताना, काका गेले. आणि त्याच शरदात संघ जिंकू लागला. देवाला विनोदबुद्धी आहे की नुसतं वेळेचं भान नाही, हे मला ठरवता आलेलं नाही.

सुरुवातीला आम्ही काही जण रविवारी काकूंकडे जात होतो ते त्यांना एकटं वाटू नये म्हणून. चौथ्या विजयानंतर येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि सगळ्यांनाच काकूंच्या एकटेपणाची चिंता असावी असं काही त्यांच्या नव्याकोऱ्या जर्सींवरून वाटत नव्हतं. त्यांचे म्होरके मोहन पाटणकर. एका विमा कंपनीत ते आकड्यांचं काम करतात, आणि काकांनी तीस वर्षांत जमवलं नसेल एवढं या संघाबद्दलचं ज्ञान त्यांनी सहा आठवड्यांत मिळवलं होतं. काकूंच्या पाठीची महती त्यांच्याच ध्यानात प्रथम आली.

“काकू, तुम्ही फक्त वळू नका हं,” ते बजावत. “मी डेटावाला माणूस आहे, सुपरस्टिशन वगैरे मानत नाही. पण पॅटर्न म्हणजे पॅटर्न, यार.”

“मोहनकाका, शी इज नॉट युवर लकी सॉक,” अदिती फटकारायची. अदिती ही काकूंची मुलगी, इथंच जन्मलेली, दोन तासांवरच्या गावात फिजिओथेरपिस्ट. हंगामभर ती दर रविवारी गाडी हाकत येत होती, आणि आल्या आल्या तिचं एकच मागणं असायचं: “आई, खुर्ची फिरव ना. आमच्यात बस. इट्स युवर ओन हाउस.”

“मला इथं उजेड बरा पडतो,” काकू म्हणायच्या आणि पुढची शेंग उचलायच्या.

एकदा स्वयंपाकघरात अदितीनं मला गाठलं. “श्रीकांतकाका, बाबा गेल्यापासून ती एकदाही सोफ्याकडे तोंड करून बसलेली नाही. जेवतानासुद्धा नाही. दिवसभर त्या काचेकडे बघत असते. तुम्हाला सगळ्यांना ते फनी वाटतंय. मला भीती वाटते, ती तशीच राहून जाईल.” मग नळ सोडून, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “एकदा वळली ना, जस्ट वन्स, तरी मला बरं वाटेल.” पाठ करायची रीत त्या घराण्यातच होती.

संघ जिंकत राहिला आणि त्याच्या मॅचेस दुपारहून संध्याकाळी सरकल्या. काकांच्या हयातीत जी वेळ त्यांच्या संघाला क्वचितच मिळाली, ती आता दर आठवड्याला मिळू लागली. डिसेंबरात पाच वाजताच अंधारतं. काकूंच्या पुढ्यातली बाग मॅच सुरू व्हायच्या आधीच विझून जाई, लाल पक्षी, मेपल, कुंपण सगळं त्या काळोखात विरघळे, आणि तरीही त्या तिकडेच तोंड करून बसत. उजेडाची सबब आता उरली नव्हती. तिच्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही. पाटणकरांना विचारायचं नव्हतं आणि अदितीला धीर होत नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस तो सामना आला, जो जिंकला तर संघ प्रथमच अंतिम फेरीत जाणार होता. खोली भरली. सोफ्यावर दाटी झाली; काकांचं टोक तेवढं मोकळं होतं. तिथं बसायचं नाही असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण पाटणकरही बसत नसत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. त्या मोकळ्या जागेशेजारी काकांचा दिवा जळत होता. दर रविवारी तो काकू स्वतः लावायच्या. मला जागा उरली नाही म्हणून मी काकूंच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो आणि त्यांच्या परातीतली मूठभर गवार मोडायला घेतली.

शेवटच्या टप्प्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. काकूंची बोटं शेंगेवर थांबत, आणि मग मागून आरोळी उठे. आधी बोटं, मग आरोळी. आवाज ऐकून थांबणाऱ्या माणसाचं असं होत नाही. मी मान वर केली. समोर काळी काच होती, आणि काळ्या काचेत अख्खी खोली: सोफा, जर्सी, टाचा उंचावून उभी अदिती, आणि त्या सगळ्यांच्या मागं, लहान, झगझगीत आणि उलटा, तो खेळ.

“काकू, तुम्ही बघताय की,” मी हळूच म्हणालो.

“डिसेंबरपासून,” त्या म्हणाल्या. “आकडे तेवढे उलटे दिसतात. आणि आपली माणसं भलत्याच बाजूला पळतात. पण ह्यांच्या टीमला ते काही नवीन नाही.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “तो दिवा बघ,” त्या म्हणाल्या. “काचेत त्याचा झोत बरोब्बर त्या टोकावर पडतो. तिथं कुणी आहे की नाही, कळत नाही.” एक शेंग मोडली. “पाठ असली की बरं असतं रे. मागं हे बसलेत, असं समजून चालता येतं. वळले की संपलं.”

मी पाहिलं. खरंच, काचेतल्या सोफ्याच्या त्या टोकाला नुसता पिवळा प्रकाश होता, माणसाएवढा. मी गवार मोडत राहिलो, कारण दुसरं काही करणं अशिष्ट झालं असतं.

तेवढ्यात मागं शांतता झाली. काही सेकंद उरले होते, संघ दोन गुणांनी मागं होता, आणि चेंडू लाथेनं दोन उंच खांबांमधून पलीकडे धाडायचा होता. गेला तर सगळं, नाही तर काही नाही. “कुणी हलू नका!” पाटणकर ओरडले. “काकू, देवाशपथ, जागच्या हलू नका!” आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून हात जोडले.

काकूंनी परात माझ्या मांडीवर ठेवली. “ह्यांनी जन्मभर याचीच वाट बघितली,” त्या म्हणाल्या, मला की काचेला, सांगता येत नाही. “घरातल्या कुणीतरी ते सरळ बघायला हवं. उलटं नाही.”

त्या उठल्या, खुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्यांनी फिरवली, आणि बसल्या. त्यांची नजर आधी टीव्हीकडे गेली नाही. ती सोफ्याच्या टोकाकडे गेली, दिव्याखालच्या खळग्याकडे, आणि तिथं एक घडी केलेली शाल, टीव्हीचा जुना रिमोट आणि जागा, एवढंच होतं. त्यांनी ते नीट बघून घेतलं. भाजी घेताना बघतात तसं, घाई न करता. मग मान किंचित वर केली आणि चेंडू बघितला.

तो गेला. खांबांच्या बरोबर मधून, सावकाश, जणू त्याला या बाबतीत कधी शंकाच नव्हती.

अदितीनं तो पाहिला नाही. ती आईकडे बघत होती, तोंडावर हात ठेवून. घर दणाणलं, कुणीतरी चिवड्याचा वाडगा सांडला, आणि डोळे उघडलेल्या पाटणकरांनी आनंदानं जाहीर केलं की पॅटर्न टिकला. त्यांना कुणी दुरुस्त केलं नाही. काकू उठल्या, तळहात झटकले आणि आल्याचा चहा टाकला. विजयाचा चहा त्या घरात कसा लागतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तसाच लागला.

दोन आठवड्यांनी अंतिम सामन्यात संघ हरला, आणि रीतसर हरला. काकू सबंध वेळ समोर बसल्या होत्या, अदितीच्या शेजारी. पाटणकर त्याबद्दल काही बोलले नाहीत, पण त्यांच्या आकडेवारीत कुठंतरी त्याची नोंद झाली असणार. हंगाम संपला, आणि निम्मे चाहते पुढच्या रविवारपासून पुन्हा आपापल्या घरी राहिले. खुर्ची फिरली ती फिरलीच. दिवा मात्र काकू अजून लावतात.

आता उन्हाळा आहे, संध्याकाळ साडेआठपर्यंत रेंगाळते, आणि त्या दारात बागेखेरीज काही दिसत नाही. काचेत मागचं दिसायला पुढचं मावळावं लागतं. आणि ते मावळवण्याचं काम काळ कुणाला न विचारता, कसलाही सोहळा न करता, रोज थोडं थोडं उरकत असतो.